सिबिलशास्त्री

महाराष्ट्रात कारंजा नावाची गावे एकाहून अधिक असल्यामुळे आमच्या गावाला आपली ओळख कायम कंसात बाळगावी लागते. वाशीम जिल्ह्यातले कारंजा ते ‘लाड’, वर्धा जिल्ह्यातले आम्ही ते ‘घाडगे’. आणि हा कंस कोणाच्या नजरेतून निसटला, तर लग्नपत्रिका लग्न लागून, सूप वाजून, वऱ्हाड परतल्यानंतर हाती पडते. नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, ज्यास पूर्वी ६ नंबर म्हणत आणि आता सरकारदप्तरी ५३ म्हणतात त्या महामार्गावर, वसलेल्या या तालुक्याच्या ठिकाणी संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर, सोयाबीन, तहसील कचेरी, नगरपंचायत आणि वस्तीच्या मानाने किंचित जास्त पानठेले आहेत. त्यांपैकी एका ठेल्यासमोरच्या बाकावर, अव्वल कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून, माझी संध्याकाळची हजेरी असते. आणि तेथेच मला त्या विद्वानाचा सहवास घडला, ज्याला मी मनाशी ‘सिबिलशास्त्री’ हे नाव देऊन ठेवले आहे.

शास्त्रीबुवांचे वय तिशीच्या आतबाहेर. दिवसा ते एका कृषी सेवा केंद्रात फवारणीच्या औषधांचे डबे मोजतात आणि रात्री जपानी चित्रमालिका पाहतात. या दोन्ही व्यवसायांच्या संधिकाली, म्हणजे साडेसहा ते आठ, ते पानठेल्यावर प्रवचन करतात. एका कानात वायर, दुसरा कान श्रोत्यांसाठी मोकळा. हातातल्या फोनचा एक कोपरा तडकलेला, आणि त्या तड्यावर चिकटपट्टी. बोलण्याची सुरुवात, समोरच्याने काहीही म्हटले असले तरी, ‘तसं नाई ते’ या तीन शब्दांनी. एखादी मालिका ‘आवडली’ असे हलके विधान त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. ती ‘समजून घ्या लागते’. अशा शास्त्र्यांची पैदास आता प्रत्येक तालुक्यात आहे, कोठे त्यांचे पीठ अभ्यासिकेत असते तर कोठे केशकर्तनालयात. परंतु आमच्याकडील शाखेचा अभिमानाचा विषय असा, की तिचा सर्व व्यासंग एकाच ग्रंथावर केंद्रित झालेला आहे, आणि तो ग्रंथ म्हणजे ‘सायको-पास’.

ज्या वाचकांचा या वाङ्मयाशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात हकिगत अशी. ऑक्टोबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर या मालिकेचे बावीस भाग दाखविले गेले. लेखक गेन उरोबुची, दिग्दर्शक नाओयोशी शिओतानी. काळ २११२ सालापासून पुढचा. रस्तोरस्ती बसविलेली यंत्रे येणाऱ्याजाणाऱ्याचे मन मोजतात, मनाचा रंग निर्मळ की गढूळ ते ठरवितात, आणि गुन्हा करण्याकडे त्याचा कल किती, याचा एक आकडा काढतात. हा सगळा कारभार ‘सिबिल’ नामक महायंत्रणेच्या हाती असतो. पोलिसांजवळ बोलणारी बंदूक असते. ती समोरच्यावर रोखली की धरणाऱ्याच्या कानी सिबिलचा निवाडा पडतो. आकडा शंभराच्या खाली असेल तर चाप हालतच नाही, शंभराच्या वर असेल तर गोळी माणसाला निपचित पाडते, आणि तीनशे ओलांडले की त्याचा देह असा फुटतो की पंचनाम्याला पंच मिळणे कठीण व्हावे. गुन्हा घडलेला असलाच पाहिजे अशी अट कोठेही नाही. ज्यांचा आकडा वाढला पण हातून काही घडले नाही ते ‘सुप्त गुन्हेगार’. त्यांना डांबून ठेवतात, आणि त्यांच्यातलेच काही निवडून पोलिसांच्या दिमतीला शिकारी कुत्र्यांसारखे देतात.

या संप्रदायात प्रवेश मिळणे सोपे नाही. नवखा कोणी बाकाच्या कडेला बसला की शास्त्रीबुवा त्याला अत्यंत मवाळ स्वरात विचारतात, “मूळ मांगा वाचली का बा?” नवखा, अपमान टाळण्याच्या मानवी दुर्बलतेपायी, ‘हाव’ म्हणतो; आणि तेथेच त्याचा निकाल लागतो. कारण ही मालिका मुळात पडद्यासाठीच लिहिली गेली, चित्रकथा तिच्यावरून मागाहून निघाल्या. सबब मूळ मांगा वाचल्याची जबानी ही खोटी जबानी ठरते. त्यानंतरची कलमे किरकोळ आहेत. इंग्रजी आवाजात पाहणारा पतित. दीडपट वेगाने पाहणारा महापतित. २०१४ चे दुसरे पर्व पहिल्याच्या तोडीचे मानणाऱ्याशी पंक्तिव्यवहार बंद, कारण त्याची पटकथा उरोबुचीकडे नव्हती आणि ‘तेव्हापासून त्याच्यात राम राह्यला नाई’. कोणी विचारलेच, की बुवा, जपानी चित्रांशी आपले नाते काय, तर त्याचे उत्तर तयार असते: १९९३ साली दूरदर्शनवर ज्या मोगलीसाठी रविवारी सकाळी गावातले रस्ते ओस पडत, तो मोगली जपानातच १९८९ साली चितारलेला, आणि ज्या सिवनीच्या जंगलातला तो, ते सिवनी नागपूरच्या डोक्यावर. म्हणजे नाते घरचेच झाले.

शास्त्रीबुवांचे प्रतिस्पर्धी म्हणून एक शुद्धिवादी आहेत. ते इलेक्ट्रिकची कामे करतात. जपानी लोक ‘सिबिल’ म्हणत नाहीत, ‘शिब्युरा’ म्हणतात, असा त्यांचा आग्रह असून या एका उच्चारावरून मागच्या मृगात दोन्ही पक्षांचे बोलणे आठ दिवस बंद होते. मूळ शब्द प्राचीन ग्रीस-रोमकडच्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रियांचा, तेव्हा दोघेही उसन्याच मालावर भांडत आहात, असे मी सुचवून पाहिले. परंतु महसूल खात्यातल्या माणसाचे पुराणवस्तूंविषयीचे मत कोणी गांभीर्याने घेत नाही.

येथे ठेल्याचेही चार शब्दांत वर्णन केले पाहिजे, कारण शास्त्रार्थ चालू असताना माझी दृष्टी बहुधा ठेलेवाल्याच्या हातांवर असते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन तो लाकडी पाटीवर तळहाताने घोटतो. प्रथम खरखर, मग सरसर, आणि शेवटी ओलसर, दबका असा एक आवाज येतो, तेव्हा खर्रा तयार झाला असे समजावे. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तीही २०१२ सालीच, आणि तेव्हापासून आमच्या विदर्भाचा हा प्राणप्रिय पदार्थ कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे ठेलेवाला जाणतो, गिऱ्हाईक जाणते आणि चौकातल्या खांबावरचा कॅमेरा तर पाहतच असतो. मनातल्या गुन्ह्याला शिक्षा असावी की नसावी, हा गहन प्रश्न ज्या मंडळींपुढे रोज उपस्थित होतो, त्यांच्या प्रत्येकाच्या गालात प्रत्यक्ष मुद्देमाल असतो. आणि खाकी मोटारसायकलचा आवाज आला की सगळी सभा एकदम थुंकून निष्पाप होते.

मागे एकदा वर्तमानपत्रात बातमी आली, की गुन्ह्यांच्या तपासाला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देण्यासाठी राज्य सरकारने नागपुरात ‘मार्व्हल’ नावाची संस्था स्थापन केली. हे २०२४ साल. त्या दिवशी शास्त्रीबुवांनी कात्रण खिशातून काढले ते एखादा कुलमुखत्यार मृत्युपत्र काढतो त्या थाटात. “मी काय म्हनत होतो? २११२ गेलं खड्ड्यात, दीड तासावर येऊन ठेपलं!” दुर्दैवाने श्रोत्यांतील दोघा अकरावीतल्या पोरांचा समज, मार्व्हल म्हणजे ती सिनेमावाली, असा झाला, आणि पोलिसांत आता लोखंडी माणूस भरती होणार काय, या प्रश्नावर ती संध्याकाळ वाया गेली.

सुप्त गुन्हेगार ही कल्पना मात्र अजब जपानी सुपीकतेची आहे, असे त्या सर्वांचे एकमत होते. आणि तेथे मला, जुन्या दप्तराची धूळ खाल्लेल्या माणसाला, गप्प बसवेना. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्या यादीत नाव असलेल्याने हजेरी दिल्याविना आणि परवान्याविना गावाची शीव ओलांडली तर तोच गुन्हा, मग त्याने चोरी केलेली असो वा नसो. १९५२ साली तो कायदा गेला. आमच्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. गावात चोरी झाली की चौकशीची पहिली पावले अजूनही कोणत्या वाटेने पडतात, हे मी सांगितले तेव्हा खर्रा घोटण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. थोड्या वेळाने शास्त्रीबुवा म्हणाले, “तसं नाई ते.” पण पुढे काही बोलले नाहीत.

आता त्या संध्याकाळकडे येतो, जिच्यासाठी हे लेखन.

आश्विनातली संध्याकाळ होती. आंबिया बहाराची संत्री रंगावर येत होती, म्हणजे ज्यांची गळाली नव्हती त्यांची. बाकाच्या टोकाला एक काकाजी येऊन बसले होते. पांढरा पायजमा, टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सातबारा, आधारची झेरॉक्स, दोन फोटो: बँकेत जाऊन आलेल्या माणसाचा हा गणवेश मी चाळीस वर्षे ओळखतो. शास्त्रीबुवा रंगात आले होते.

“सिबिल म्हनजे सिबिल! तिनं एकदा आकडा काढला का काढला. अपील नाई, सुनावनी नाई. तीनशेच्या वर गेला का मानूस संपला.”

काकाजींनी मान वळवली. “वर काहून बाप्पा? वर गेलं तं चांगलं म्हनते साहेब. तीनशे म्हनजे तं पार तळ.”

सभा स्तब्ध झाली. बाकावर माझ्यावाचून दुसऱ्या ज्येष्ठ माणसाने शास्त्रार्थात उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग. शुद्धिवाद्यांनी अदबीने विचारले, “काकाजी, तुमाले मालूम आहे सिबिल?”

“मालूम म्हनजे! मायं पाचशे बारा निंगालं सकाळी.”

अकरावीतला पोरगा पटकन म्हणाला, “पाचशे बारा? मंग तुमी जित्ते कसे?”

“तेच तं मी बी इचारून राह्यलो बाबू,” काकाजी म्हणाले.

हा घोटाळा उलगडण्यास पाच मिनिटे लागली. कर्जदाराची पत मोजणारा आपल्याकडचा सिबिल तीनशेपासून नऊशेपर्यंत धावतो आणि त्यात वर जाणे भले. जपानी सिबिलमध्ये वर जाणे म्हणजे मरण. एवढाच काय तो फरक, बाकी तीनशेचा आकडा दोन्हीकडे घातकच. हे कळल्यावर काकाजी निघून जातील अशी माझी अटकळ होती, पण त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “सांगा बरं तुमची गोष्ट. ते तिकडचं सिबिल कसं हाय ते.”

शास्त्रीबुवांनी पहिला भाग सांगितला. एका बाईला एक गुंड पळवून नेतो, तिचे हाल करतो. पोलीस येतात, गुंड मरतो. पण जे भोगले त्याने बाईचे मन इतके गढूळ झालेले, की शेवटी तिचा आकडा तीनशेच्या पार. बंदूक म्हणते, हिलाही मारा. नवी आलेली पोलीस पोरगी मात्र अडून बसते, आणि बाईवर बंदूक धरणाऱ्या आपल्याच माणसाला गोळी घालून निपचित पाडते.

काकाजींनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “हाव. म्हनजे ते बाई जामीनदार होती.”

“जामीनदार?”

“म्या काय केलतं? साळ्यानं ट्रॅक्टर घेतला, म्या सही केली. त्यानं हप्ते बुडवले, आकडा माया पडला. माया सोताचा एक रुपया कोनाचा बाकी नाई. तुमच्या त्या बाईचं बी तेच. केलं त्या पोट्ट्यानं, वाढलं तिचं.”

ठेलेवाल्याचा हात पाटीवर थांबला. शास्त्रीबुवांनी तोंड उघडले, ‘तसं नाई ते’ हे शब्द ओठांवर आलेलेही मला दिसले, पण बाहेर पडले नाहीत. काकाजी आता थांबण्यातले नव्हते. मकिशिमा नावाचा जो खलपुरुष, ज्याने डोळ्यांदेखत खून केला तरी बंदुकीत त्याचा आकडा वाढत नाही आणि म्हणून चाप ओढला जात नाही, त्याची कथा ऐकून त्यांना यत्किंचितही नवल वाटले नाही. तालुक्यातालुक्यात असा एकेक असतो, म्हणाले, चार संस्था बुडवतो अन् पाचव्या बँकेत त्याला खुर्ची देऊन चहा पाजतात. बोलणाऱ्या बंदुकीविषयी त्यांनी एवढेच विचारले, “साहेबाच्या मनात असलं बी, तरी चालत नाई ना ते?”

“नाई. वरून परवानगी लागते.”

“हाव, सिस्टिम घेत नाई.” हे उद्गार त्यांनी इतक्या निर्विकारपणे काढले, की सकाळी खिडकीवर ते नेमक्या कोणत्या स्वरात ऐकविले गेले असतील, हे सर्वांना कळले. पीककर्जाला सिबिल लावू नये असे मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावल्याचे शुद्धिवाद्यांनी सांगून पाहिले. “ते पेपरात हाय,” काकाजी म्हणाले, “सिस्टिममधी नाई.”

उठता उठता मात्र त्यांनी तो प्रश्न विचारला, जो या संप्रदायात कोणी अनभिज्ञासमोर उच्चारीत नाही. “मंग त्या तुमच्या सिबिलच्या आत कोन बसलं राह्यते?”

त्याचे उत्तर मालिकेच्या सतराव्या भागात आहे, आणि ज्याने तो भाग पाहिलेला नाही त्याला ते सांगणे हे महापातक गणले जाते. शास्त्रीबुवा हात जोडून म्हणाले, “काकाजी, ते नाई सांगता येत. तुमी पाहा.” काकाजींनी टोपी झटकली, क्षणभर विचार केला, आणि आत कोण बसलेले असणार याविषयी एक तर्क सांगितला. तो येथे देत नाही, कारण मला अजून त्या बाकावर बसायचे आहे. पण शुद्धिवाद्यांच्या तोंडचा खर्रा गिळला गेला, एवढी गोष्ट त्या तर्काच्या अचूकपणाविषयी पुरेशी आहे. काकाजींच्या चहाचे पैसे त्या दिवशी शास्त्रीबुवांनी दिले. असे यापूर्वी घडल्याची नोंद नाही.

त्यानंतर काकाजी दोनतीनदा दिसले, बँकेच्या दिशेने जाताना. मंडळी आपापल्या मतांवर कायम आहेत, शिब्युराचा वाद पुन्हा उकरून निघाला आहे, आणि दुसरे पर्व अजूनही वाळीत आहे. प्रवेशपरीक्षेत मात्र बदल झालेला मला आढळतो. परवा नवखा एक पोरगा, आर्वीकडचा, बाकाच्या कडेला येऊन टेकला; शास्त्रीबुवांनी कानातली वायर काढली, आणि मूळ मांगेची चौकशी न करता मवाळ स्वरात विचारले, “पह्यल्या भागात जामीनदार कोन होती, सांग बरं.”