एकोणचाळीस मिनिटं

आमच्या शिरूर अनंतपाळला घड्याळाचा मनोरा नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही. "दहाला निघू" म्हणजे दहाला अंघोळीचं पाणी तापायला ठेवायचं, हे पाव्हण्यांनासुद्धा ठाऊक असतं. लातूरची एसटी आली, की निघायची वेळ झाली.

मुंबईच्या भाच्याला हे खपत नाही. त्यानं मला मुद्दाम ओव्हल मैदानापाशी नेऊन राजाबाई टॉवरसमोर उभं केलं. "मामा, वेळ कशाला म्हणतात ते एकदा बघून घ्या."

बघितलं. २८० फूट! मान अवघडली. कापसात अमाप पैसा केलेल्या प्रेमचंद रायचंदांनी यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. आईला दिसत नसे आणि जैन असल्यानं जेवण सूर्यास्ताआधी, म्हणून लेकानं तिच्यासाठी टोल्यांची सोय केली, असं सांगतात. १८७८ साली मनोरा पुरा झाला. आराखडा गिल्बर्ट स्कॉटसाहेबांचा, आणि साहेब इकडे कधी फिरकलेच नाहीत! साइटवर न येता काम पुरं करणारे इंजिनियर आम्हाला नवे नाहीत. फक्त त्यांची कामं बघायला अजून कुणी पर्यटक आलेला नाही. इंग्रजी अमदानीत म्हणे इथं सोळा सुरावटी वाजायच्या. आमच्या लातूरच्या गंजगोलाईला रस्ते सोळा. तिथं हॉर्न वाजतात.

मग मी हळूच विषय काढला. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक वेळ ठरली, तेव्हा रुसून कोण बसलं होतं? मुंबईच! गिरणी कामगारांनी काम थांबवलं, आणि नगरपालिकेनं आपली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं धरून ठेवली. देशात दहा वाजले, तरी हिच्या घड्याळात नऊ एकवीस. एकोणचाळीस मिनिटं उशीर, तोही ठराव करून! आम्ही निदान तोंडी करतो. शिवाय सूर्याला विचाराल, तर तो आमच्या डोक्यावर मुंबईच्या सोळाएक मिनिटं आधी येतो. मग मागं कोण?

भाचा मोबाइल बघत म्हणाला, "मामा, साडेसात वाजले. लोक जेवायला थांबलेत."

जुन्या मुंबईच्या हिशेबानं अजून सातसुद्धा वाजले नव्हते. मी शेंगदाण्याची आणखी एक पुडी घेतली.