पाहुणी सून

अमेरिकेच्या १९५२च्या स्थलांतर कायद्यात २१४(ब) नावाचे एक संशयी कलम आहे. फिरायला म्हणून निघालेला परदेशी माणूस तिकडेच मुक्काम ठोकणार, असे ते धरूनच चालते. तसा विचार नसेल तर पुरावे त्याने द्यायचे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या वाघबीळच्या एका मुलीने न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी मुलाशी लग्न केले आणि कलमाला आयते निमित्त मिळाले.

तिच्याकडे ऑफिसच्या कामासाठी काढलेला दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा होता. लग्नाने तो रद्द होत नाही. नवऱ्याने तिच्या ग्रीन कार्डासाठी आय-१३० अर्ज भरला होता, पण तो मार्गी लागून मुंबईच्या वकिलातीत मुलाखत व्हायला वर्ष सहज उलटते. तोवर सासर पाहायचे तर पाहुणी म्हणूनच, म्हणजे माप ओलांडण्याआधी परतीचे तिकीट काढून!

सोसायटीत सल्ल्यांना तोटा नव्हता. “मंगळसूत्र पर्समध्ये टाक आणि मैत्रिणीकडे चाललेय म्हणून सांग,” तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. काकूंचा हा उपाय अमलात आला असता तर मुलगी जन्मभर वाघबीळलाच राहिली असती. खोटे सांगून प्रवेश मिळवणाऱ्यावर त्या देशाची कायमची बंदी येऊ शकते, आणि लग्नाची नोंद तर नवऱ्याच्या अर्जातून सरकारदरबारी आधीच पोचलेली.

मग खरेपणाची फाइल तयार झाली: रजा मंजुरीचे पत्र, पगाराच्या स्लिपा, फ्लॅटच्या कर्जाचे कागद. घोडबंदर रोडवर माणूस राजीखुशीने परत येतो, हे शपथेवर सांगायचे म्हणजे धाडसच. मेट्रोच्या खांबांखालून, न्हावाशेवा-गुजरात ट्रेलरांच्या रांगेतून रोज ऑफिस गाठणाऱ्याला पळून जायची इच्छा नाही, यावर ठाण्यात तरी कुणाचा विश्वास बसला नसता. अधिकाऱ्याने हा रस्ता पाहिलेला नसावा, एवढीच आशा.

विमान मध्यरात्रीनंतरचे. बाबांनी संध्याकाळीच गाडी काढली. माजिवड्याकडून जायचे की गायमुख घाटातून, यावर घरात दोन पक्ष होते. घाटपक्ष जिंकला आणि घाटातच अडकला.

गाडी हलेना तेव्हा बाबांनी इतिहास काढला. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली. ताबा घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमनला इथल्या पोर्तुगीजांनी कागदपत्रांवरून अडवले. बिचारा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर खोळंबला आणि १६६४मध्ये तिथेच वारला. मुंबई पुढच्या वर्षी मिळाली. घोडबंदर आणि ठाणे ज्या साष्टीत येतात, ती मात्र पोर्तुगीजांनी सोडली नाही.

“शुभ बोला हो!” आई मागून म्हणाली.

न्यूअर्कला खिडकीवरच्या अधिकाऱ्याने कारण विचारले. “नवऱ्याला आणि सासूसासऱ्यांना भेटायला.” नवरा अमेरिकन नागरिक आहे हे कळताच तिला आतल्या खोलीत बसवले. व्हिसा दारापर्यंत आणतो. आत घ्यायचे की नाही ते हा अधिकारी ठरवतो. ग्रीन कार्ड का नाही? अर्ज केलाय, तो भारतातूनच पूर्ण करणार. परत कधी? पाच आठवड्यांनी. त्याने रजेचे पत्र वाचले, कर्जाचे कागद जरा जास्त वेळ वाचले आणि सहा महिन्यांची मुदत दिली.

बाहेर सासूबाई आनंदून म्हणाल्या, “सहा महिने? मग पाच आठवड्यांत कशाला पळतेस?” तिकडे फोनवर आईचेही हेच. नवऱ्याने तर तिकिटाची तारीख बदलायला किती पैसे पडतील तेही बघायला घेतले. तिने आधी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.