विषय : थंडीतला अंडीपुरवठा बंद असल्याबाबत

प्रति,
परसातल्या सहा गावरान कोंबड्या,
मु. पो. खुराडं, ता. निफाड

बायांनो,

दिवाळीच्या सुमारास तुम्ही पिसं झाडायला काढलीत आणि अंडी बंद केलीत, त्याला दोन महिने होत आले. तक्रार नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांखाली घसरला की इथले द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तुम्हीच तेवढं कामावर का यावं? फक्त काम बंद असताना पगार चालू कसा, एवढं विचारायचं होतं.

एकीला दिवसाला ११५ ग्रॅम धरले तरी सहा जणींचे ७०० ग्रॅमच्या आसपास होतात. वर थंडीभत्ता वेगळा. पिसं म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच, हे कळल्यापासून भरड्यात शेंगदाण्याची पेंड मिसळतोय. संध्याकाळी मूठभर मका, कारण दाणा रात्रभर पोटात दळला जातो आणि ऊब राहते. वास्तविक तुमच्या अंगात बारा महिने ४१ अंश. माणसाला एवढा ताप आला तर गाडी करून दवाखान्यात नेतात. कानटोपीत कुडकुडतो मी आणि उबेची काळजी तुमची! कवचासाठी शिंपल्यांचा चुराही आणून ठेवलाय. कच्चा माल हजर, कारखाना बंद.

दिवस जेमतेम ११ तासांचा आणि तुम्हाला अंड्यासाठी हवा १४ तासांचा उजेड, म्हणून खुराड्यात बल्ब लावला. तुम्हाला उजेड डोळ्यांतूनच नव्हे, कवटीतूनही कळतो म्हणे. आई म्हणाली, "त्यांच्या कवटीत उजेड तरी शिरतो." मग म्हणाली, "तुला दिवा लावून जागवला तर तू काय घालशील?" बल्ब काढला.

आता करमणुकीचा खर्च. तुम्हाला करमेना की एकमेकींची पिसं उपटता, तेव्हा सोय करणं आलंच. घमेल्यात राख आणि माती कालवून अंघोळीला दिली. पालापाचोळा ढिगाने ओतला, त्यात बाजरी पेरली, की उकरत बसाल. बसायला दोरीचा झोका बांधला. त्यावर अजून मीच एकदा बसलो, तुटतो का पाहायला. तुटला. त्या दिवशी मात्र सहाही जणी माना वाकड्या करून बराच वेळ रमल्या होत्यात.

कोबीचा गड्डा सुतळीला टांगला, तर तांबडी कुणाला फिरकू देईना. कोण कुणाला टोचणार याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी मांडलं. पोरवयापासून तो कोंबड्यांच्या टोचाटोचीची नोंद ठेवायचा. मी मोठेपणी त्याच नोंदी ठेवतोय आणि घरात त्याला संशोधन कुणी म्हणत नाही. लंगडीला पान मिळावं म्हणून दुसरा गड्डा टांगला. तांबडी आता दोन्हींवर पहारा देते.

परवा भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा पहिला तुकडा आई तुम्हालाच टाकणार, मला ठाऊक आहे. उत्तर डालग्यात ठेवावं. एक असलं तरी चालेल.

आपला,
दाणेवाला

ता. क. उद्यापासून कोबी एकच. दुसरा आमच्या भाजीला लागतो.