दहावी पास, संरक्षण नापास

औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक सर भेटले. एम.एस्सी., बी.एड. बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत, ‘अनुदान येणार’ याच पगारावर. हातात फाइल, फायलीत दुबईच्या एका शाळेचं ऑफर लेटर. म्हणाले, “पदवीच्या झेरॉक्सवर शिक्के मिळतात का हो?”

म्हटलं, “नाही मिळत, सर. मूळ कागदच लागतो. आधी मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग वकिलात. पदवीच्या पुढच्या बाजूला तुम्ही काय शिकलात ते दोन ओळींत असतं आणि मागच्या बाजूला ते खरंच शिकलात याची कुळकथा.”

सर गप्प झाले.

बाकी तयारी झकास होती. पासपोर्टावर ‘ईसीआर’चा शिक्का नाही, याचा तर सरांना केवढा अभिमान! हा शिक्का बसतो दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर. परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा कायदा आहे. त्यानुसार पैठणचा दहावी नापास गवंडी आखातासह ठरावीक १८ देशांपैकी कुठेही निघाला, की सरकारी अधिकारी त्याचे कागद बघतो आणि मगच मंजुरी देतो. मालकाची चौकशी होते, पगार पाहिला जातो. २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचा विमा सक्तीनं उतरवला जातो. आणि आमचे सर? दहावीचा निकाल लागला त्याच दिवशी सरकारनं त्यांची काळजी सोडली. शिकलेला माणूस स्वतःचं बघून घेतो, हा सरकारचा सिद्धान्त. स्वतःचं बघता आलं असतं, तर बारा वर्षं अनुदानाची वाट कुणी पाहिली असती?

एकदा मात्र सरकारला पाझर फुटला होता. २०१८ च्या नोव्हेंबरात परराष्ट्र खात्यानं ठरवलं, की या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या शिकलेल्यांनीही जाण्याआधी नोंदणी करायची, नाहीतर विमानात पाय ठेवायचा नाही. ओरड झाली. नवं वर्ष उजाडायच्या आत सक्ती पुढं ढकलली गेली आणि नोंदणी पूर्वीसारखी ऐच्छिक उरली. ऐच्छिक म्हणजे काय, हे ज्यानं शाळेत ऐच्छिक विषय घेतलाय त्याला सांगायला नको. नर्सताईंच्या बाबतीत मात्र २०१५ मध्ये सरकारनं हिंमत दाखवली. शिकलेल्या असल्या तरी या १८ देशांत जाताना मंजुरी घ्यायची आणि भरतीही सरकारी संस्थांमार्फतच व्हायची. गुरुजींसाठी असं काही कुणाला सुचलं नाही. गुरुजी बहुधा तेव्हा निवडणुकीच्या कामावर होते.

एजंटानं किती घ्यावेत यालाही मर्यादा आहे. परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. हे ऐकून सर मोठ्यानं हसले. “तीस हजार? एवढ्यात तर आमच्याकडं शिपायाच्या जागेचा विषयसुद्धा निघत नाही.” त्यांच्या एजंटानं अडीच लाख सांगितले होते आणि सरांना ते स्वस्त वाटले होते. मराठवाड्यातल्या शिक्षकाची फसवणूक करणं अवघड असतं, ते असं. दर त्याला आधीच पाठ असतात.

मग मी त्यांना कफील पद्धत समजावायला लागलो. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा तो मालक. त्याला विचारल्याशिवाय दुसरीकडे जायचं नाही. सही करताना पगार एक, हातात पडतो दुसराच. रुसला तर ‘माणूस पळाला’ अशी वर्दी देतो. सौदीत तिला हुरूब म्हणतात. ती लागली की तुमच्या मुक्कामाच्या कागदाची रद्दी. सर शांतपणे म्हणाले, “म्हणजे आमचे साहेबच की!”

त्यांचे साहेब म्हणजे संस्थाचालक. आता न्यायानं बोलायचं तर तिकडचे कायदे थोडे सैलावलेत. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. सौदीनं २०२१ मध्ये वाट जराशी मोकळी केली. आमचे साहेब अजून विचार करताहेत.

फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. इथं साहेबांनी काढून टाकलं, तर खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा आहे. तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पुढं खंडपीठ आहेच. निकालाला केस पांढरे होतात, पण ते आपल्या घरात होतात. तिथं नोकरीमागोमाग व्हिसाही निघतो. केस उभी राहायच्या आत वादी विमानात बसलेला असतो.

अमेरिकेत तरी बरं, असं वाटत असेल तर मेरीलँडमधली प्रिन्स जॉर्जेस काउंटी आठवा. तिथल्या शाळांनी एक हजारावर परदेशी शिक्षक आणले, बहुतेक फिलिपिन्सचे. व्हिसाचा खर्च मालकानं करायचा, पण तो पडला शिक्षकांच्या माथी. २०११ मध्ये कामगार खात्यानं काउंटीला बेचाळीस लाख डॉलर परत द्यायला लावले. वर शिक्षा म्हणून दोन वर्षं परदेशी माणसं आणायला बंदी. बंदीमुळं व्हिसे वाढवून मिळेनात. म्हणजे पैसे परत मिळाले ज्यांना, नोकऱ्या गेल्या त्यांच्याच. गुन्हा मालकाचा, अंगठे धरून उभे मास्तर. आणि सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून नव्यानं आणायच्या माणसाच्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर मालकाला एक लाख डॉलर भरायचेत, रुपयांत ऐंशी लाखांच्या पुढं. गणिताच्या मास्तरासाठी एवढे कोण मोजणार? तेवढ्यात आमचे साहेब अख्खं बी.एड. कॉलेज काढतील.

शेवटी विचारलं, “सर, मूळ प्रमाणपत्रं आहेत ना?”

“आहेत की. साहेबांच्या कपाटात. रुजू झालो त्या दिवशीच घेतली होती, सुरक्षित राहावीत म्हणून.”

“मग मागून घ्या.”

“मागितली ना. साहेब म्हणाले, दुबईला कशाला जाता सर? तिकडं कागद काढून घेतात.”