एक लॅपटॉप, दोन किल्ल्या

सांगलीच्या वालचंदमधून किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून बाहेर पडलेला अभियंता पुण्याच्या कंपनीचं काम साताऱ्यातल्या घरून करू लागला की एका लॅपटॉपवर गिटहबची दोन खाती नांदू लागतात: कंपनीचं आणि स्वतःचं. एसएसएचने गिटहबच्या दारात येणारा प्रत्येक जण 'गिट' हेच नाव सांगतो. ओळख पटते ती किल्लीवरून. म्हणून एक किल्ली दोन खात्यांना चालत नाही. दुसरी बनवली की खरी करमणूक सुरू होते. एसएसएचचा खाक्या साधा: उचलली किल्ली, लावली कुलपाला. दार उघडतंही, पण भलत्याच खात्याचं. मग कंपनीची रिपॉझिटरी 'सापडत नाही' आणि अभियंता पासवर्ड बदलत बसतो, ज्याचा इथे काडीचा संबंध नसतो.

उपाय एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत आहे. प्रत्येक खात्याला वेगळं होस्ट-टोपणनाव, त्याखाली त्याची किल्ली, आणि 'आयडेंटिटीजओन्ली यस', म्हणजे नेमून दिलेलीच किल्ली लाव. ही शेवटची ओळ हमखास गाळली जाते. क्लोनच्या पत्त्यातही तेच टोपणनाव लागतं.

कमिटवरचं नाव मात्र किल्ली ठरवत नाही, गिटची सेटिंग ठरवते. ती तशीच राहिली, तर कंपनीच्या कोडवर कॉलेजात काढलेला 'किंगऑफसातारा' छापाचा ईमेल उमटतो.