कुंदाआत्याला सांग, नोकरी शाबूत आहे

मिसिसॉगा,
24 जून

ती. सौ. आईस,


आधी महत्त्वाचं. माझी नोकरी गेलेली नाही. नितीनचीही गेलेली नाही. आम्ही पोटासाठी पिशव्या शिवत नाही. हे बाबांना वाचून दाखव, मग कुंदाआत्याला फोन लावून पुन्हा वाच. उजव्या कानाला लाव म्हणावं.

झालं एवढंच, की त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे जेवणाच्या टेबलावर शिलाई मशीन दिसलं आणि खाली कापडाचा ढीग. आत्याने मला काही विचारलं नाही, नुसतं बघून घेतलं. रात्री बातमी जयसिंगपूरला, सकाळी मिरजेला, आणि बुधवारी पुण्याहून मिलिंददादाचा मेसेज, "लाजू नकोस, काही लागलं तर सांग." लागतंय की! 2011 साली नेलेले चार हजार लागतायत. ते मात्र सांगू नकोस.

नितीनच्या ऑफिसातले एक जण परवा कोल्हापूरला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू बोलू देत नाहीस. पत्राला मध्येच "जेवलीस का?" विचारता येत नाही. (जेवले. कटाची आमटी आणि भात. कट कुठला म्हणशील, तर पुरण बिघडलं होतं.)

तर ऐक. इथून तीनेक तासांवर अल्गॉन्क्विन नावाचं रान आहे, 1893 पासून राखीव. आकार म्हणशील तर जवळजवळ आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा, आणि त्यात दोन हजारांहून जास्त तळी. तिथे आम्ही कनू वल्हवायला जातो. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. आता होडी म्हटलं की तुला 2019 चा पूर दिसतो आणि इचलकरंजीत आपल्या गल्लीत आलेली ती बोट, हे मला माहीत आहे. ही तशी नव्हे. ही हौसेची होडी. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, शिट्टी, पंधरा मीटर तरंगता दोर, हे सगळं ठेवणं इथे कायद्याने सक्तीचं आहे. अर्णवला जॅकेट घातलं की तो ढोकळ्यासारखा दिसतो आणि बुडू म्हटलं तरी बुडत नाही.

एका तळ्यातून दुसऱ्यात जायला जिथे पाणी नसतं, तिथे होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं. याला पोर्टाज म्हणतात. म्हणजे रजा टाकून, पैसे भरून हमाली. पूर्वी फरच्या व्यापारातले नावाडी कपाळाला पट्टा अडकवून नव्वद-नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे एका वेळी न्यायचे, म्हणजे ऐंशी किलोच्या वर. त्यांना निदान मजुरी तरी मिळायची. आम्ही आधी जागा आरक्षित करतो, तीही पाच महिने अगोदर, सकाळी सातच्या ठोक्याला, तात्काळच्या तिकिटासारखी बोटं तयार ठेवून.

यात गणित असं, की सामान एका खेपेत मावलं नाही तर दोन खेपा, आणि दोन खेपा म्हणजे वाट दोनदा नव्हे, तीनदा चालायची. कनू लेक या तळ्यावरून 'जो लेक' या तळ्याला जायची वाट 295 मीटर, ती 885 होते. गेल्या वर्षी आमच्या तीन खेपा झाल्या. पाचदा चाललो! शेवटच्या खेपेला नितीनच्या हातात एकच पातेलं होतं आणि समोरून येणारी एक आजीबाई कनू डोक्यावर घेऊन झपाझप गेली. त्या दिवसापासून नितीन ग्रॅम मोजतो. माझा पोह्यांचा काटा आता त्याच्या ताब्यात आहे.

थांब, कुकर झाला.

आले. तर कनूसाठीची सॅक बघायला दुकानात गेलो. 320 डॉलर. वर 13 टक्के कर, जो चिठ्ठीवर लिहीत नाहीत, गल्ल्यावर सांगतात. झाले 361 डॉलर 60 सेंट. रुपये करायचे नाहीत असं आमचं दहा वर्षांपूर्वी ठरलंय. मी केले. बावीस हजारांच्या वर. आई, दादाच्या लग्नात मांडववाल्याशी तू तीन दिवस भांडलीस, ते एवढ्यासाठीही नव्हतं. आणि सॅक काय, तर नवारीचे पट्टे लावलेलं पोतं! रिकामी सॅक 2 किलो 100 ग्रॅम. मी ती उलटी करून आतली शिवण बघितली, तू घेरदार परकर घेताना बघतेस तशी. टीप वाकडी होती. विकणारा मुलगा म्हणाला, "काही मदत हवी का?" म्हटलं, मला नको, ज्याने हे शिवलं त्याला हवी होती.

घरी येताना नितीन म्हणाला, "बाप मागवाला, आई शिवणारी. घरीच करू की." "करू" म्हणजे मी शिवायचं आणि त्याने काटा धरायचा, हे तुला कळलंच असेल.

जुन्या बाजारात 35 डॉलरला मशीन मिळालं. पायाखाली बटण दाबलं की पळत सुटतं. तुझ्या उषा मशीनचं चाक हाताने फिरवत वाढलेली मी, पहिल्या दिवशी टीप टेबलाच्या पार गेली. कापड 210 डेनियरचं रिपस्टॉप नायलॉन. फोनवर आकडा सांगितला तेव्हा बाबांनी तिकडून लगेच सुरू केलं, "नऊ हजार मीटर सूत तोललं तर 210 ग्रॅम. साडीला याच्या निम्मंही लागत नाही, तुम्ही काय गोणपाट नेसणार?" तळाला त्याहून जाड, 500 चं लावलं. नितीनला एक सेलोफेनसारखं, जहाजांच्या शिडांच्या कापडातून निघालेलं हलकं कापड हवं होतं. त्याचा वाराचा भाव ऐकला आणि त्याला म्हटलं, तू दोन किलो बारीक हो, तेवढंच हलकं होईल आणि फुकट.

बेतायला घेतलं 45 सेंटिमीटर रुंद, 22 खोल, 55 उंच. चोपन्न लिटर मावतं. पण पहिली शिवली ती 70 उंच होती. पाठीवर चढवली, दिवाणखान्यात छान दिसली. मग माझ्या डोक्यात आलं, की हिच्यावर होडी यायची आहे. घरात होडी नाही, म्हणून नितीनने इस्त्रीचं टेबल डोक्यावर धरलं. ते सॅकवर आपटलं, नितीन पुढे, टेबल मागे. शेजारची बाई खिडकीतून बघत होती. तिने हात केला. तिच्याकडेही कुणी कुंदाआत्या असेलच. सगळं उसवलं. कनूची सॅक बुटकी आणि रुंद हवी, मानेच्या वर डोकावता कामा नये, म्हणजे होडीच्या तळाशीही नीट बसते आणि होडी डुलत नाही. दळणाचा डबा सायकलवर खाली बांधायचा, वर नाही, तसंच.

आता तू पाठवलेल्या पार्सलाबद्दल. सुया पोचल्या. सोळा नंबरची सुई पाठवलीस हे फार बरं केलंस. पट्टा जोडतो तिथे कापडाच्या पाच घड्या येतात, माझ्या चौदा नंबरच्या तीन तिथे मोडल्या. शेवटी मोटर बंद करून, तू गोधडीच्या कोपऱ्याला करायचीस तसं, चाक हाताने फिरवून एकेक टाका घेतला. सुती रीळ मात्र वापरलं नाही, रागावू नकोस. सुती दोरा सतत भिजला की कुजतो, इथे पॉलिएस्टरच लागतो. टाचण्याही नाहीत, कारण एकदा भोक पडलं की बुजत नाही आणि पाणी आत येतं. कपड्यांचे चिमटे लावून धरलं. तरी ते कापड काय निसटतं! तेल लावलेल्या अर्णवला अंघोळ घालणं सोपं. कडा सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरून शेकल्या, तेव्हा धुराचा गजर वाजला आणि नितीन शिट्टी वाजवत खाली आला. शिवणी जीनपँटच्या बाजूला असतात तशा दुमडून दुहेरी घातल्या. खांद्याच्या पट्ट्यांत आमची जुनी निळी फोमची चटई कापून भरली. पहिला पट्टा उलटा लागला. उसवला. "दोनदा मोज, एकदा काप" हे तुझं वाक्य ईराने मला तुझ्याच आवाजात ऐकवलं.

काट्यावर 640 ग्रॅम भरली. नितीनने वजन तीनदा केलं. मग आत कचऱ्याची जाड पिशवी घातली, कारण शिवणीतून पाणी येतंच. बावीस हजारांच्या सॅकमध्येही लोक तीच घालतात.

पण खरा वैताग सॅकचा नव्हे, नियमाचा. त्या रानात खाण्यापिण्याच्या काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायला बंदी आहे. लोक तिथेच टाकून येतात म्हणून. पुन्हापुन्हा वापरायचे डबे चालतात. आता मला सांग, आपल्या घरात टाकून द्यायची बाटली असते का? तुझं कैरीचं लोणचं ज्या हॉर्लिक्सच्या बाटलीत आहे, ती बाटली माझ्या बारशाच्या आधीची आहे. तिच्याइतकं पुन्हापुन्हा वापरलेलं भांडं सबंध कॅनडात नसेल. मी नितीनशी यावर दोन दिवस वाद घातला. तो म्हणाला, "हे तू रेंजरला समजावून सांग." मी तयार होते! वाक्यंही जुळवली होती. शेवटी लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत गेलं, डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. तेल सुटलंच. बाबांच्या तुळजापूरच्या वळकटीत असंच तेल सांडलं होतं, ते आठव आणि हस.

आणि रात्री ते सगळं झाडाला टांगायचं, कारण अस्वलं. घाबरू नकोस, दिसलं नाही एकही. दोन पुरुषांहून उंच, खोडापासून लांब, दोरीने. नितीनला तासभर फांदी सापडेना. ईराने विचारलं, हे काय करताय? म्हटलं, शिंकं. आजीच्या स्वयंपाकघरात मांजरासाठी होतं, इथे अस्वलासाठी.

कनू लेकवर गेलो तेव्हा नितीनने मुलांना सांगितलं, की टॉम टॉमसन नावाचे मोठे चित्रकार 1917 मध्ये याच तळ्यात बुडून गेले. मी म्हटलं, हे परत आल्यावर सांगता आलं नसतं का? तुलाही सांगायला नको होतं. पेनने लिहितेय, खोडलं तरी तू उजेडाला धरून वाचशील.

वाट 295 मीटर, एका खेपेत पार झाली. नितीनच्या डोक्यावर होडी, माझ्या पाठीवर ही सॅक, मुलांच्या पाठीवर छोट्या. काळ्या माश्या कानात, नाकात, चहात. होडीच्या मधल्या आडव्या दांड्याने नितीनच्या खांद्याला वळ उठतात, म्हणून तुझ्या त्या फाटक्या सुती साडीच्या दोन चुंबळी करून बांधल्या. उतारावर एक गोरा गृहस्थ थांबून बघायला लागला. विचारलं, "ही कुठल्या कंपनीची?" नितीन म्हणाला, "इचलकरंजी." त्या माणसाने मान डोलावली, जणू त्याच्याकडे आधीची दोन होती.

इतर उत्तरं भराभर देते. चौगुलेकाकूंच्या सुनेने वेगळं स्वयंपाकघर केलं तर बरंच केलं, तू मध्ये पडू नकोस. वहिनीच्या डाएटला तू "उपास" म्हणतेस, तिला ते आवडत नाही. दादाला म्हणावं, जुने माग भंगारात घालायच्या आधी एक धोटा माझ्यासाठी ठेव. नळाला पाणी किती दिवसांनी येतंय? पंचगंगा कुठवर आली? इथे पाऊस पडतो, पण वास येत नाही.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हे तुम्ही मला चार दिवसांनी सांगितलंत. आम्ही तेव्हा रानात होतो, फोन लागत नव्हता, सगळं खरं. पण फोन लागला असता तरी तुम्ही सांगितलं नसतं, हेही खरं. डोळ्यात थेंब कोण घालतं? दादा उशिरा येतो, तुझे हात हलतात. त्या चार दिवसांत मी काय करत होते याचा हिशोब केला. दोन रात्री आम्ही शेकोटीपाशी बसून 640 ग्रॅमचं कौतुक करत होतो.

सोबत कापडाचा तुकडा पाठवतेय, हाताएवढा. बाबांना अजून वाचायची बंदी असेल तर नुसता हातात दे. त्यांना डोळे लागत नाहीत. थोड्याथोड्या अंतरावर एकेक जाड धागा लागेल, उभा आणि आडवा, चौकटी चौकटी. फाटलं तर फाट त्या चौकटीशी येऊन थांबते. ते अंगठ्याने मोजतील आणि काहीतरी खोट काढतील. काय काढली ते कळव, शब्द न बदलता.

आता पार्सल पाठवू नकोस. पोस्टाला लागलेले पैसे मी पाकिटावर वाचले. उगाच डब्यावर डबा रचत बसू नकोस.

पाठवायचंच असेल तर मेतकूट पाठव. वजनाला हलकं असतं.

तुझी,
सुमा

ता. क. ईरा विचारतेय, आजीची सॅक शिवायची तर कुठल्या रंगाची? तिला वाटतं तू पुढच्या उन्हाळ्यात येणार आहेस. मी काही बोलले नाही, पण माप पाठव.