खुनी कोण? शेजारचे काका सांगतील

फ्रेडरिक नॉटचं 'डायल एम फॉर मर्डर' 1952 साली लंडनच्या रंगमंचावर आलं. बायकोच्या खुनाचा बेत नवरा पहिल्याच अंकात आपल्यासमोर आखतो, लपवाछपवी काही नाही. मराठीत हेच कथानक 'अ परफेक्ट मर्डर' म्हणून आलं. तरीही दुसऱ्या अंकात मागच्या रांगेतले काका बायकोच्या कानात, म्हणजे साधारण आठ रांगांना ऐकू जाईल असं, सांगतात, ''नवराच आहे बघ!'' काकू थक्क होतात. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावरही थक्क होणं हे खरं रंगभूमीप्रेम.

रंगमंचावर अंधार झाला की प्रेक्षागृहात मोबाइलचा उजेड पडतो. कुणाला 'जेवण फ्रिजमध्ये आहे' एवढं कळवायचं असतं. गळा आवळण्याच्या प्रसंगाला दोन रांगा खिदळतात. भीती वाटली हे कबूल करण्यापेक्षा हसलेलं बरं, अशी आपली रीत. नट बिचारा पुढचं वाक्य तोंडात धरून थांबतो.

मध्यंतरात चर्चा बटाटेवड्याची. त्यातही दोष निघतो तो मिरचीचा, संहितेचा नाही.

'द माउसट्रॅप' या रहस्यनाटकाचा प्रयोग संपल्यावर खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी प्रेक्षकांना विनंती करण्याची प्रथा आहे. आपल्याकडे ती विनंती तिकीट खिडकीवरच करावी लागेल, आणि काकांना वेगळी.

तूर्तास एवढंच करा: खोकल्याच्या गोळीचा चुरचुरणारा कागद तिसऱ्या घंटेआधीच सोला.